टाकीवर कोण गेलं?

"आधी बाळाला खाली ठेव, मग रड," रोहिणी पानसे म्हणाली. "दोन्ही एकदम केलंस तर मला काही कळायचं नाही."

प्राजक्ताने किमयाला सतरंजीवर ठेवलं. पोर अजून रांगायला लागली नव्हती. हाताच्या मागच्या बाजूला सलाईनच्या सुईची निळसर खूण होती आणि तीच ती तोंडात घालत होती. प्राजक्ताने तिचा हात बाजूला केला. तिने परत घातला.

रोहिणीचं ऑफिस म्हणजे कोथरूडला झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. दारावर 'खाजगी चौकशी' एवढीच पाटी. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. प्राजक्ताच्या मावशीने एकदा मुलीच्या स्थळासाठी तिला गाठलं होतं, त्या ओळखीवर प्राजक्ता भूगावहून रिक्षा करून आली होती.

"मालक म्हणालेत, रविवारपर्यंत घर खाली करा, नाहीतर तुमच्या नवऱ्याचं नाव पोलिसात देतो."

"कशाबद्दल?"

"आमच्या टाकीत निषादनेच फिनाईल ओतलं म्हणून."

रोहिणी शेंगदाण्यांची पुडी सोडत होती. ती तिने तशीच खाली ठेवली.

"आणि हिला काय झालं होतं?"

"तेच पाणी तिच्या पोटात गेलं," प्राजक्ता म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसायला लागली.

रोहिणीने पुडी तिच्यापुढे सरकवली. "सावकाश. अगदी पहिल्यापासून सांग. बिनमहत्त्वाचं वाटेल तेही सांग."

प्राजक्ताने सांगितलं. भूगावात हमरस्ता सोडून थोडं आत तानाजीशेठची इमारत. खाली पार्किंग आणि अडगळीची एक खोली. वर तीन मजले, तीन बिऱ्हाडं. पहिल्यावर शेखर, एकटा, हिंजवडीत नोकरीला. दुसऱ्यावर प्राजक्ता आणि निषाद, मूळचे लातूरचे. तिसऱ्यावर जनार्दनकाका आणि कल्पनाकाकू. त्यांचा मुलगा दुबईला.

राहायला आले तेव्हा दोन्ही वेळ पाणी होतं, जिन्यात दिवे होते, झाडायला बाई येत होती. मग एकेक गोष्ट गळत गेली. संध्याकाळचं पाणी गेलं. दिवे गेले ते बदललेच नाहीत. बाई बंद झाली, तेव्हापासून बिऱ्हाडांनी आठवड्याची पाळी लावून जिना पुसायला घेतला. फिनाईलचा एक मोठा कॅन सगळ्यांनी मिळून आणला. ज्याची पाळी त्याच्या घरी कॅन. भाडं मात्र होतं तेवढंच. प्राजक्ताचा करार संपला, तरी मालकांनी नवा केलाच नाही. विचारायला गेलं की तानाजीशेठ म्हणायचे, "रस्ता मोकळा हाय."

शेवटी निषादने पुढाकार घेतला. सगळ्यांच्या सह्यांनिशी ग्रामपंचायतीत तक्रार दिली. कुणी बघायलासुद्धा आलं नाही. तानाजीशेठना मात्र चार दिवसांत कळलं. पार्किंगला साखळी पडली, गच्चीला कुलूप बसलं, आणि सकाळची मोटार जेमतेम हंडे भरतील इतकीच चालायला लागली.

"रविवारी संध्याकाळी निषाद गेणबाकडून गच्चीची चावी घेऊन टाकी बघायला गेला होता. गेणबा म्हणजे मालकांचा माणूस, मोटार चालू करतो. टाकी किती भरते तेच बघायचं होतं. येताना चावी मीटरच्या खोलीतल्या खिळ्याला लावली. गेणबानेच तसं सांगितलं होतं."

"आणि सोमवारी सकाळी पाण्याला वास आला."

"मला नाही आला!" प्राजक्ताचा आवाज चिरकला. "मला सर्दी झाली होती, नाक पार चोंदलं होतं. नेहमीसारखं पाणी भरलं, उकळलं, त्यात हिची नाचणीची पेज केली. चार चमचे खाऊन ती ओकायला लागली. निषाद धावत आला, त्याला वास आला. मग एकच आरडाओरडा. शेखर खालून व्हिडिओ काढत वर आला. काकू आल्या, त्यांनी हिला पोटाशी धरलं, सगळ्यांना चहा करून पाजला, माझे हातपाय गळले होते म्हणून हिची बाटलीसुद्धा त्यांनीच भरून दिली. दवाखान्यात जाईपर्यंत मी चमच्याचमच्याने तेवढंच पाणी पाजत होते. तेवढंच टिकलं पोटात."

"आणि निषादवर आळ कसा आला?"

"आमच्या चपलांच्या स्टँडमध्ये तो कॅन सापडला. रिकामा. गेणबाला दिसला."

"पाळी कुणाची होती?"

"सोमवारपासून आमची. म्हणून तर सगळ्यांना ते खरं वाटतंय. रविवारपर्यंत काकूंची होती. रविवारी दुपारीच त्यांनी जिना पुसला, मी हिला घेऊन घसरता घसरता वाचले. 'जपून गं, ओलं आहे,' म्हणाल्या."

रोहिणी उठली. गॉगल आणि स्कूटीची किल्ली घेतली.

"एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "मी पोलीस नाही आणि वकीलही नाही. काय घडलं ते शोधून देईन. त्याचा तुला उपयोग होईल, असं वचन मी देत नाही."

प्राजक्ताने मान हलवली. तिला वाटलं, खरं कळलं की झालं. आणखी काय लागतं?

*

गेणबा मोटारीशेजारी बसून विडी ओढत होता. बाईमाणूस बघून त्याने ती विझवली.

"मी त्या साहेबांना टाकीवर जाताना बगितलं," तो म्हणाला. "पायलं ते सांगितलं. ओतताना न्हाई पायलं. ते मी म्हनलोबी न्हाई. मालक म्हनले."

"सोमवारी मोटार तुम्हीच लावली?"

"व्हय. रोज मीच लावतो."

"तेव्हा गच्चीवर गेला होता?"

"गुडघं गेल्यात माजं. खालनंच बटन दाबतो."

"मोटार बंद राहायची असली तर?"

"तर आदल्या दिशीच घरोघर सांगतो. न्हाईतर ह्या बाया जीव खातील." त्याने प्राजक्ताकडे बघून डोळे मिचकावले, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून लगेच गंभीर झाला. "पोरगी कशी हाय आता?"

"बरी आहे."

"त्या रविवारी सांगितलं होतं का कुणाला?" रोहिणीने विचारलं.

"न्हाई. कशाला सांगू? मोटार चालूच व्हायची व्हती."

रोहिणी बोलता बोलता अडगळीच्या खोलीकडे सरकली होती. दार ढकललं. आत अडगळ नव्हतीच. भिंतींना ताजा पिवळसर रंग, खिडकीला नवी जाळी. मोरीशेजारच्या कोपऱ्यात कोरा पांढरा कमोड, अर्धा अजून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला, आणि शेजारच्या भिंतीला धरून उठायला स्टीलचा दांडा.

"हे काय, गेणबा?"

"मालकानं सांगितलं, केलं. आडगळ काडली, रंग दिला, इंग्लिश संडास बसवला."

"कुणासाठी?"

"कुणी भाडेकरू ठरवला आसंल. मला कोन सांगतंय?"

प्राजक्ताच्या अंगाचा तिळपापड झाला. जिन्यात बल्ब लावायचा तर यांचा हात आखडतो, आणि इथे कुणा नव्या माणसासाठी स्टीलचे दांडे! आपल्याला काढायचं आणि असे नवेनवे आणायचे, दुसरं काय? ती तसं बोललीही.

रोहिणी त्या दांड्याकडे बघत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

*

शेखर कानात हेडफोन घालूनच दार उघडायला आला.

"दोन मिनिटं हं, कॉलवर आहे. ओके, आय विल गेट बॅक." मग रोहिणीकडे वळून, "डिटेक्टिव्ह? खरंच? भारी! म्हणजे मीपण संशयित?"

"तू व्हिडिओ फार लवकर काढलास."

"मॅडम, आजकाल लोक ॲक्सिडेंटमध्ये आधी व्हिडिओ काढतात, मग गाडीतून उतरतात." त्याने प्राजक्ताच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि जीभ चावली. "सॉरी वहिनी. पण मी लाइक्ससाठी पाण्यात फिनाईल टाकीन असं वाटतं का तुम्हाला?"

"रविवारी रात्री नळाला पाणी होतं?"

"होतं की. बॅडमिंटन खेळून उशिरा आलो, अंघोळ केली. करंगळीएवढी धार, पण स्वच्छ होतं. सकाळी ब्रश केला तर तोंडात फिनाईलचा फेस! थुंकतोय, थुंकतोय. शेवटी काकूंच्या चहाने तोंड ताळ्यावर आलं."

"कसा होता चहा?"

"काकूंचा चहा? विषयच नाही. आलंबिलं घालून, एक नंबर." तो दाराला टेकला. "बाय द वे, मी चाललोय हं. नांद्याला फ्लॅट बघितलाय. इथे कोण भांडत बसणार?"

जिन्यात आल्यावर प्राजक्ता कुजबुजली, "बघितलंत? यालाच जायचं होतं. बदनामी झाली की मालक करार मोडायला लगेच तयार, म्हणून यानेच..."

"जाणाऱ्याला कोण अडवतंय?" रोहिणी म्हणाली. "रस्ता मोकळा आहे, असं तुझे मालकच म्हणतात ना?"

*

तानाजीशेठ समोरच्या बंगल्याच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी खुर्च्या मागवल्या, चहा विचारला. किमयाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. प्राजक्ताच्या ते लक्षात आलं. आई झाल्यापासून कोण आपल्या पोरीकडे बघतं आणि कोण नाही, हे तिला न बघताही कळायचं.

"रविवारी दुपारपासनं मी कोळवणला हळदीला व्हतो. घरची सगळी. सोमवारी दुपारी आलो. शे-दोनशे माणसं सांगतील."

"मी कुठे विचारलं?" रोहिणी म्हणाली.

"तुमी विचारायच्या आधी सांगितलं. शिकल्याली माणसं आडून आडून विचारत्यात." ते हसले. "हे बघा ताई, मला भांडान नको. ज्यांना माझी जागा आवडत न्हाई, त्यांनी का राहावं? वर पाण्यात औषध टाकून माझी बदनामी करायची! मी पोलिसात गेलो तर ह्यांच्या मिस्टरांच्या कंपनीत काय व्हईल? मी लेकुरवाळ्या बाईकडं बघून गप हाय."

"खालच्या खोलीत कोण येतंय?"

वर्तमानपत्राची घडी घालता घालता त्यांचा हात क्षणभर अडला. "ठरलं न्हाई अजून."

*

तिसऱ्या मजल्यावर कल्पनाकाकू दारातच भिंतीला धरून उभ्या होत्या. गुडघ्यांना गरम पट्टे बांधलेले.

"ये गं, ये. जिना चढून दम लागला असेल. मी इमारतीबाहेर पडून महिना झाला बघ. उतरायला जमतं एक वेळ, चढताना देव आठवतो. त्या रविवारी जिना पुसला तोसुद्धा पायरीवर बसून, एकेक पायरी सरकत."

किमयाने जनार्दनकाकांना बघितलं आणि अंग झोकून दिलं. तिला रोज दुपारी झोपवायचं काम काकांचं होतं. ते तिला खांद्यावर टाकून गॅलरीत येरझारा घालायचे. काकांनी तिला घेतलं खरं, पण लगेच खुर्चीत बसले. तिच्या हातावरच्या निळ्या खुणेला त्यांनी अंगठा लावला.

"डॉक्टर काय म्हणाले? पुढे काही त्रास?"

"नाही म्हणाले, काका."

"पोटाला वगैरे?"

"नाही."

"नक्की विचारलंस ना?"

हे त्यांनी आठवड्याभरात कितव्यांदा तरी विचारलं होतं. प्राजक्ताला भरून आलं. सख्खे आजोबासुद्धा लातूरहून एकदाच फोन करून मोकळे झाले होते.

रोहिणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओट्यावर तांब्याचा हंडा लखलखत होता.

"काकू, हंडा काय घासलाय हो! चिंचेने?"

"रोजच्या रोज," काकू खुलल्या. "पाणी यायच्या आधी कालचं ओतून टाकायचं, हंडा घासायचा, मग ताजं भरायचं. शिळं पाणी ना देवाला चालतं, ना मला. सासूबाईंनी लावलेली सवय. सून आली होती तेव्हा म्हणाली, आई, एवढी टंचाई आणि तुम्ही पाणी ओतता? म्हटलं, झाडांना घालते, वाया कुठे जातं? पण शिळं नाही प्यायचं."

"तापात वगैरे राहत असेल एखाद्या दिवशी."

"मला मेलीला ताप कसला येतोय! गुडघे सोडले तर ठणठणीत आहे."

"आणि त्या सोमवारी? काय झालं तुमच्याकडे?"

"काय होणार? देवपूजा चालली होती. मला तर वाटलं होतं आज पाणीच यायचं नाही. आणि आलं ते असलं! मी नळ उघडलासुद्धा नव्हता, खालून हिचा आरडाओरडा ऐकला आणि तशीच उठले."

"कॅन तुम्ही प्राजक्ताला दिलात?"

"कुठलं? सोमवारी द्यायचा होता. मी नेहमी हातात देते. संपत आला असेल तर सांगायला नको? ह्यांनीच नेऊन ठेवला असेल बाई खाली." काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. "हो ना हो?"

काका किमयाच्या टोपीची नाडी बांधत होते. "हं," ते म्हणाले.

रोहिणीने हात धुवायचं निमित्त करून आत डोकावलं. संडासात जमिनीवरचं भारतीय भांडं होतं आणि त्यावर मधे भोक पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा होता, डुगडुगू नये म्हणून.

*

"आज निषाद किती वाजता येतो?" जिना उतरताना रोहिणीने विचारलं.

"सहापर्यंत. का?"

"तो आला की परत वर जाऊ. जे सांगायचं ते तिथेच सांगितलं पाहिजे."

"तिथे? काका-काकूंकडे? त्यांना कशाला त्रास?"

रोहिणी पायरीवर थांबली. प्राजक्ताकडे तिने असं काही बघितलं, की प्राजक्ताने किमयाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि पुढे विचारलंच नाही.

संध्याकाळी सगळे तिसऱ्या मजल्यावर जमले. निषाद ऑफिसची बॅग न उतरवताच भिंतीला टेकून उभा होता. शेखरही येऊन बसला. काकूंनी चहा टाकायला उठायचं म्हटलं, रोहिणीने त्यांना बसवलं.

"चहापासूनच सुरू करू या," ती म्हणाली. "पण त्याआधी निषादचं बघू. निषाद टाकीवर गेला रविवारी संध्याकाळी. त्यानंतर कितीतरी वेळाने शेखरने अंघोळ केली. पाणी स्वच्छ होतं. म्हणजे फिनाईल पडलं ते शेखरच्या अंघोळीनंतर आणि सकाळच्या मोटारीआधी. निषादचं टाकीवर जाणं आणि फिनाईल पडणं, यांचा संबंध नाही. फक्त ज्याला कुणाला आळ घालायचा होता, त्याच्यासाठी ते सोयीचं झालं."

निषादने श्वास सोडला. "मी हेच सांगत होतो सगळ्यांना."

"चावी खिळ्याला होती. गच्चीवर कुणीही जाऊ शकत होतं. मग कोण गेलं? तर ज्याला पाणी बिघडणार आहे हे आधीच माहीत होतं, तो. सोमवारी या इमारतीत प्रत्येक नळाला फिनाईलचं पाणी आलं. शेखरच्या तोंडात फेस आला. प्राजक्ताची पेज नासली. आणि त्याच वेळी एका घरात सगळ्यांसाठी चहा झाला. त्या चहाला वास नव्हता. शेखर म्हणतो एक नंबर होता. आल्याने काही फिनाईल लपत नाही. त्याच घरातून बाळाची बाटली भरली गेली, आणि ते पाणी बाळाच्या पोटात टिकलं."

"अहो, हंड्यातलं होतं ते," काकू म्हणाल्या. "कालचं."

"कालचं," रोहिणी म्हणाली. "शिळं पाणी तुम्ही कधीच ठेवत नाही, काकू. पाणी यायच्या आधी ओतून हंडा घासता. सोमवारी का नाही ओतलंत?"

"कारण पाणी येणार नव्हतं त्या दिवशी. गेणबाने सांगितलं होतं ना, मोटार लागणार नाही म्हणून."

"तुम्हाला सांगितलं?"

"मला नाही. ह्यांना." काकू वळल्या. "तुम्ही पहाटे उठून आलात आणि म्हणालात ना, आज हंडा ओतू नकोस, गेणबा म्हणालाय?"

खाली कुठल्यातरी दुचाकीचा हॉर्न वाजत राहिला.

"गेणबाने कुणालाच काही सांगितलं नव्हतं," रोहिणी हलकेच म्हणाली. "कॅन रविवारी तुमच्या घरी होता. सोमवारी पहाटे तो निषादच्या स्टँडमध्ये कसा गेला, हे काकूंना माहीत नाही. आणि आता खालची खोली. या इमारतीत वर्षभर एकेक सोय कमी होत गेली. वाढली फक्त एक. जिना चढायला नको अशी खोली, कमोड, उठायला दांडा. ती सोय कुणासाठी आहे, हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. काकू, तुमच्या संडासातली खुर्ची बघितली मी."

जनार्दनकाकांनी चष्मा काढला. तो पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

"त्याने मला बंगल्यावर बोलावलं होतं," ते म्हणाले. "म्हणाला, तुमचा करार संपतोय, तुम्हीपण सही केलीत. मी आठ ठिकाणी घरं बघून आलो होतो, प्राजक्ता. भूगाव, पिरंगुट, बावधन. कुणी देत नाही. तोंडावर सांगतात, म्हातारी माणसं, मुलगा परदेशात, उद्या घरात काही झालं तर आम्ही कुठे धावायचं? एकाने तर विचारलं, दोघांपैकी आजारी कोण? आणि हा म्हणाला, काका, मी तुम्हाला खालची खोली देतो. काकूंसाठी संडास बांधून देतो. हयातभर राहा. फक्त एवढं करा. म्हणाला, कुणाला काही होणार नाही, वासच एवढा येतो की तोंडाला कोण लावतंय? मलाही तसंच वाटलं. वास येईल, लोक ओरडतील, निषादला जायला लागेल. तरुण आहे, त्याला कुठेही मिळेल." ते प्राजक्ताकडे वळले. "तुला सर्दी झाली होती हे मला माहीत नव्हतं गं."

काकू उठायला गेल्या. गुडघ्यांनी दगा दिला, त्या परत खाली बसल्या.

"माझ्या नावावर केलंत?" त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांच्या नावावर? ती पोर मी माझ्या हातांनी धरली होती हो, ओकत होती तेव्हा."

निषाद पुढे झाला. "चला. आत्ताच्या आत्ता पोलिसात. काका हेच तिथे सांगतील."

"सांगतो," काका म्हणाले. "लिहून देतो."

"द्या," रोहिणी म्हणाली. "मग पोलीस तुम्हाला आत घेतील. तानाजीशेठ हळदीला होते. ते म्हणतील, म्हातारा घाबरून माझं नाव घेतोय. तुमच्या दोघांतलं बोलणं ऐकलंय कुणी? नाही. चावी, कॅन, हात, सगळं तुमचं. त्यांचं काय आहे? एक रंगवलेली खोली."

निषाद प्राजक्ताकडे बघत होता. काकाही. शेखरसुद्धा. सगळ्यांना तिने ठरवायला हवं होतं, कारण पोर तिची होती. प्राजक्ताला संताप यायला हवा होता आणि तो येत होता. पण तो कुणावर टाकायचा हेच तिला कळेना. काकांकडे बघितलं की गॅलरीतल्या येरझारा दिसत. किमयाकडे बघितलं की ती निळी खूण.

"मालकांकडे जाऊ या," ती शेवटी म्हणाली. "आधी त्यांना विचारते."

*

तानाजीशेठनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही आवाज चढवला नाही.

"म्हातारा भरमिष्ट झालाय," ते म्हणाले. "पोरगा विचारत न्हाई, मग कायबी बोलतो. संडास बसवणं गुन्हा हाय का, ताई?"

"नाही," रोहिणी म्हणाली. "पण पोलिसांत गेलात तर मीही येईन, आणि तो संडास कुणासाठी होता ते विचारीन. गेणबालाही विचारतील. गेणबा खोटं बोलत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

तानाजीशेठनी प्राजक्ताकडे बघितलं.

"न्हाई जात पोलिसात. लेकुरवाळ्या बाईच्या मागं मला लागायचंच नव्हतं. मिस्टरांचं नाव कुटंबी येणार न्हाई, शब्द देतो." त्यांनी वर्तमानपत्र उचललं. "करार मात्र संपलाय. मला जागा पायजे. रविवारी किल्ली गेणबाकडं द्या."

प्राजक्ताने रोहिणीकडे बघितलं. आत्ता ती काहीतरी म्हणेल, एखादी गोष्ट अजून हातात असेल, अशा आशेने.

"करार संपलाय हे खरं आहे," रोहिणी म्हणाली. फाटकाबाहेर आल्यावर ती बराच वेळ स्कूटीची किल्ली शोधत राहिली. किल्ली तिच्या हातातच होती.

रविवारी टेम्पो आला. शेखर आधीच गेला होता. त्यानेच नांद्याच्या आपल्या इमारतीत एक घर रिकामं आहे म्हणून नंबर पाठवला होता. काकूंनी खालची खोली नको म्हणून कळवलं. मग तिसऱ्या मजल्यावर तरी किती दिवस राहू देतील, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सामान उतरत होतं तेव्हा त्या दार लावून आत होत्या. काका जिन्याच्या वळणावर उभे होते, कुणाच्या वाटेत येऊ नये असे भिंतीला चिकटून. निषाद गाद्या घेऊन त्यांच्या शेजारून गेला तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

टेम्पोत पुढच्या सीटवर बसल्यावर नांद्याच्या घरमालकांचा फोन आला. निषादने स्पीकरवर टाकला. बाईंचा आवाज गोड होता. किल्ली कुठे आहे, गॅस कुठून घ्यायचा, बाळाला दूध कोण आणून देईल, सगळं त्यांनी सांगितलं.

"बाकी काही नाही हो," त्या म्हणाल्या. "एकच विचारायचं राहिलं. आधीचं घर का सोडलंत? म्हणजे मालकांशी काही तक्रारबिक्रार? नाही, तसली माणसं आम्हाला नको असतात, म्हणून आपलं विचारलं."

निषादने प्राजक्ताकडे बघितलं. टेम्पोवाल्याने गाडी चालू केली. किमया तिच्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं टाकून.

"नाही हो," प्राजक्ता फोनजवळ वाकून म्हणाली. "आमची कसलीच तक्रार नव्हती."